नाव आणि मोल : मध्ययुगीन युद्धवृत्तान्तातील वर्गाचे व्याकरण

२६ ऑगस्ट १३४६ रोजी उत्तर फ्रान्समधील क्रेसी येथे लढाई झाली. दुसऱ्या दिवशी इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने रेजिनाल्ड कॉबम आणि रिचर्ड स्टॅफर्ड या दोन सरदारांना मृतांची मोजदाद करण्यासाठी रणभूमीवर पाठविले. त्यांच्यासमवेत ढालींवरील आणि अंगरख्यांवरील कुलचिन्हे ओळखणारे हेरल्ड होते आणि नावे लिहून घेणारे कारकून होते. या मंडळींनी दिवसभर फिरून जो हिशेब आणला तो झाँ फ्रॉयसार आपल्या इतिवृत्तात नोंदवितो : ११ राजपुरुष, ८० निशाणधारी सरदार, १२०० नाइट आणि सुमारे ३०,००० इतर. यातील शेवटचा आकडा आजचा कोणताही इतिहासकार खरा मानीत नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने आकड्याच्या खरेखोटेपणाहून अधिक महत्त्वाची आहे ती या वाक्याची रचना. श्रेणी जसजशी उतरत जाते तसतशी संख्या वाढते आणि अचूकपणा विरत जातो. अकरा हे अकराच असतात. तीस हजार मात्र ‘सुमारे’ असतात. हेरल्डाला जे वाचता येते तेच मोजता येते, आणि ज्याच्या अंगावर कुलचिन्ह नाही तो प्रेतांच्या राशीत असूनही त्या हिशेबात केवळ शेष म्हणून उरतो.

मराठी वाचकाला ही रचना सर्वस्वी अपरिचित नाही. पानिपतच्या (१७६१) संहाराची वार्ता दक्षिणेत पोहोचविणाऱ्या सावकारी पत्रातील सांकेतिक भाषा सर्वश्रुत आहे. मोती, मोहरा आणि गणती न होणारी चिल्लर या उतरंडीत तेथे माणसे मोजली गेली आहेत. काळ, प्रदेश आणि समाजरचना यांत चार शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर असल्यामुळे या साम्यावरून कोणताही निष्कर्ष ओढून काढणे अप्रस्तुत ठरेल. मात्र त्या पत्राने नकळत उघड केलेली एक गोष्ट फ्रॉयसारच्या संदर्भात विसरता येत नाही. रणांगणावरील माणसाचे नाव आणि त्याचे मोल यांचा संबंध लक्षणेचा नसतो. पुष्कळदा तो शब्दशः असतो.

‘वर्ग’ ही संज्ञा येथे सैलपणे वापरावी लागते, हे मान्य केले पाहिजे. अकराव्या शतकात लाँचा बिशप आदाल्बेरो याने मांडलेली प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे ही त्रयी ‘वर्ग’ या आधुनिक अर्थाने वर्गांची नव्हे. जॉर्ज द्युबी याने १९७८ च्या आपल्या ग्रंथात या त्रयीचे जे विवेचन केले आहे त्यावरून दिसते की ती समाजाचे वर्णन नसून समाजाविषयीचा एक आग्रह होती. मराठी अभ्यासकाला येथे ‘वर्ण’ हा शब्द सुचण्याचा आणि नाइटला ‘क्षत्रिय’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. त्यापेक्षा शिलेदार आणि बारगीर हा आपल्याकडील भेद अधिक उपयोगी पडेल, कारण त्यात घोडा कोणाचा हा प्रश्न मध्यवर्ती आहे आणि जन्मापेक्षा मालकी अधिक बोलते. आदाल्बेरोच्या त्रयीतील खरी अडचण अशी की त्या व्यवस्थेनुसार लढण्याचा अधिकार एकाच श्रेणीचा, तर प्रत्यक्ष रणांगणावर तिरंदाज, भालाईत, खणकरी आणि गाडीवान या साऱ्यांची गर्दी. ही गर्दी कथनात कोठे ठेवावयाची, हा इतिवृत्तकारापुढील पेच होता. तो सोडविण्याची रीत वाङ्मयीन खरी, पण तिचा उगम वाङ्मयात नव्हता.

नॉर्मंडीतील मठवासी इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस ब्रेम्यूलच्या (१११९) लढाईविषयी लिहितो की दोन राजांच्या त्या झुंजीत सुमारे ९०० नाइट उतरले होते आणि त्यांपैकी केवळ तीन मारले गेले. याची कारणेही तो देतो : अंगभर लोखंडी चिलखत, ईश्वराचे भय आणि परस्परांविषयीचा बंधुभाव, ठार मारण्यापेक्षा पकडण्याकडेच दोन्ही बाजूंची ओढ होती. मठवाशाने न सांगितलेले आणखी एक कारण म्हणजे जिवंत नाइट विकता येतो. चौदाव्या शतकापर्यंत या व्यवहाराला कायद्याचे रूप आले. इंग्रज सैन्यात सेवेचे लेखी करार होत. प्रचलित रिवाजाप्रमाणे शिपायाने मिळविलेल्या लुटीचा आणि खंडणीचा तिसरा हिस्सा त्याच्या नायकाचा, आणि नायकाच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा राजाचा. पकडलेल्या शत्रूचे नाव आणि कुल ठाऊक असणे ही या व्यवहाराची पहिली अट होती. अनामिकाची किंमत ठरत नाही. हेरल्डाची विद्या आणि सावकाराची वही येथे एकमेकींना चिकटलेल्या आहेत, आणि इतिवृत्तकाराला माहिती पुरविणाऱ्यांत हेरल्डांचे स्थान मोठे होते, ही बाब योगायोगाची नव्हे.

प्वातियेच्या (१९ सप्टेंबर १३५६) लढाईतील फ्रॉयसारचा प्रसिद्ध प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. फ्रान्सचा राजा दुसरा झाँ आर्त्वा प्रांतातील दनी द मोर्बेक या नाइटला शरण जातो. लगेच त्याच्याभोवती इतरांची झोंबाझोंबी सुरू होते. प्रत्येक जण राजा आपलाच कैदी असल्याचे ओरडू लागतो. तेव्हा राजा त्यांना समजावतो की तुम्हां सर्वांना श्रीमंत करण्याइतका मी मोठा आहे. त्याच रात्री इंग्रज युवराज या कैद्याच्या पंगतीला स्वतः वाढतो. परंपरागत समीक्षेने दुसरा प्रसंग शौर्यधर्माचा कळस म्हणून उचलला आणि पहिला विनोदी उपकथानक म्हणून बाजूला सारला. वास्तविक हे दोन प्रसंग एकाच वाक्याची दोन पदे होत. १३६० च्या ब्रेतिन्यी तहात या राजाची किंमत ३० लाख सुवर्ण एक्यू ठरली. त्याच वर्षी राजपुत्र लायनेलच्या परिवारातील एका कैद झालेल्या तरुण सेवकाच्या सुटकेसाठी इंग्लंडच्या राजाने १६ पौंड दिले. हा सेवक मद्यव्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव जेफ्री चॉसर.

चॉसरला या व्यवहाराचा विसर पडला नाही, असे त्याच्या ‘नाइट्स टेल’वरून म्हणता येते. थीब्जच्या पाडावानंतर प्रेतांचे ढीग उपसून चिलखते आणि वस्त्रे लुटणारे लोक तेथे येतात. त्या राशीत अर्धमेले पालामोन आणि आर्साइट सापडतात. आणि त्यांच्या अंगरख्यांवरील चिन्हांवरून हेरल्ड त्यांना राजकुलातील म्हणून ओळखतात. प्रेमकथेचा आरंभ येथून होतो. ज्या राशीतून ते निघाले ती राशी कथेत पुन्हा येत नाही. नायक होण्यासाठी आधी ओळखता येणे आवश्यक आहे, हे तत्त्व चॉसरने एका प्रवेशात दाखवून दिले आणि त्यावर काही भाष्यही केले नाही.

योहान हुइझिंगाने ‘मध्ययुगाचा शिशिर’ या आपल्या ग्रंथात (१९१९) फ्रॉयसारवर एक आक्षेप नोंदविला आहे : शौर्यधर्माचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून लिहिणारा हा लेखक प्रत्यक्षात सतत विश्वासघात, लोभ आणि क्रौर्य यांचेच वर्णन करतो, आणि त्यातील विसंगती त्याच्या लक्षात येत नाही. हुइझिंगाच्या मते शौर्यधर्म हे वास्तवावर पांघरलेले एक सुंदर स्वप्न होय. हा अभिप्राय इतका मान्य झाला आहे की पुढील बहुतेक वाचने त्याच्या चौकटीतच फिरतात. परंतु येथे विसंगती आहे कोठे? सौजन्य आणि खंडणी हे आदर्श आणि वास्तव असे दोन स्तर नव्हेत. सौजन्य हीच व्यवहाराची अट आहे. कैद्याला शब्दावर सोडून पैसा गोळा करण्यास घरी पाठवावयाचे, तर त्याच्या शब्दाला किंमत असली पाहिजे; आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे त्याच्याशी पंगतीला बसता येते. ही सभ्यता कोणापुढे थांबते हे फ्रॉयसार लपवीत नाही. १३८८ मध्ये ओर्तेझच्या एका खाणावळीत त्याला बास्को द मोलेआँ हा भाडोत्री नायक भेटला. सामानसुमान आणि चाकर यांच्या लवाजम्यासह आलेला, चांदीच्या भांड्यांतून जेवणारा हा लुटारू आपले आयुष्य सांगतो आणि फ्रॉयसार ते विस्ताराने लिहून घेतो. तेथे कुलापेक्षा चांदीची भांडी प्रभावी ठरली असावीत.

या सभ्यतेची सीमा सर्वांत ठळकपणे दिसते ती जॅकरीच्या बंडात. १३५८ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पॅरिसच्या उत्तरेकडील शेतकरी उठले. मो या नगरात सरदारघराण्यांतील स्त्रिया अडकल्या होत्या. प्रशियातील धर्मयुद्धाहून परतणारे फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस आणि काप्ताल द ब्यूश यांनी त्यांची सुटका केली. काप्ताल हा इंग्लंडच्या बाजूचा गॅस्कन सरदार, म्हणजे फ्रान्सचा शत्रू. दोनच वर्षांपूर्वी तो प्वातियेत फ्रेंचांविरुद्ध लढला होता. तरीही येथे शत्रुमित्रभाव गळून पडतो. फ्रॉयसारने (आणि त्याचा आधार असलेल्या झाँ ल बेलने) रंगविलेले शेतकरी काळे, खुजे आणि निःशस्त्रप्राय आहेत; त्यांची कत्तल गुरांच्या कत्तलीसारखी वर्णिली आहे. त्यांत एकही कैदी नाही. ज्यांच्याशी सौदा होऊ शकत नाही त्यांच्याशी युद्धही होत नाही, फक्त संहार होतो. कथनाच्या पातळीवर यातून एक नियम मिळतो : उच्चकुलीन मनुष्य कर्ता असतो, त्याची क्रियापदे एकवचनी असतात, इतर जन समूहवाचक नामात विरघळतात आणि बहुधा कर्मस्थानी येतात.

हा नियम जेथे मोडतो त्या जागा अधिक बोलक्या आहेत. क्रेसीच्या वर्णनात अशा दोन जागा जवळजवळ सापडतात. पहिली जिनोव्हातील भाडोत्री आडधनुष्यवाल्यांची. दूरवरची चाल करून थकलेले हे लोक इंग्रज बाणांपुढे मागे हटले, तेव्हा वाट अडवणाऱ्या या हलकटांना कापून काढा असा हुकूम फ्रान्सच्या राजानेच सोडला, असे फ्रॉयसार सांगतो. आडधनुष्याविषयीची उच्चवर्गीय आणि धार्मिक अढी जुनी होती. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरविला होता. मात्र येथे आपल्याच पगारी माणसांवर घोडे घालण्यात आले, आणि त्यात फ्रेंच घोडेस्वारांची स्वतःचीच फळी विस्कटली. दुसरी जागा वेल्श आणि कॉर्निश पायदळाची. लांब सुऱ्या घेतलेले हे लोक तिरंदाजांच्या मधून पुढे घुसले आणि पडलेल्या काउंट, बॅरन, नाइट यांना त्यांनी ठार केले. यानंतर फ्रॉयसार एक वाक्य जोडतो : पुढे इंग्लंडच्या राजाला याचे वाईट वाटले, कारण त्यांना खंडणीसाठी पकडले गेले नाही. हे वाक्य सहजपणे येते. त्यावर लेखकाची कोणतीही टिप्पणी नाही. परंतु सगळ्या इतिवृत्ताची वीण या एका टाक्यावर उसवते. सुरीवाल्याने एका सरदाराला मारले तेव्हा त्याने शत्रू मारला, पण राजाचा माल नासविला. तो स्वतः पकडला गेला असता तर त्याची किंमत कोणीच दिली नसती, त्यामुळे ज्या करारावर ही दया उभी होती त्यात तो पक्षकारच नव्हता. त्याच्या क्रौर्याचे स्पष्टीकरण स्वभावात शोधण्याची गरज नाही.

सप्टेंबर १३७० मधील लिमोजचा प्रसंग यापुढची पायरी आहे. शहराने फ्रेंचांशी संधान बांधले म्हणून संतापलेला, आजारामुळे पालखीतून वाहून नेला जाणारा तोच इंग्रज युवराज, ज्याने प्वातियेनंतर कैदी राजाला वाढले होते, शहर फुटल्यावर कत्तलीचा हुकूम देतो. फ्रॉयसारच्या म्हणण्याप्रमाणे ३००० स्त्रीपुरुष आणि मुले मारली गेली. आधुनिक संशोधनाने हा आकडा फार फुगविलेला ठरविला आहे आणि घटनाक्रमाविषयीही गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. इतिहास म्हणून हे प्रकरण डळमळीत असेल. संहिता म्हणून मात्र ते निर्णायक आहे. कारण येथे फ्रॉयसार प्रथमच थबकतो. ज्या गरिबांना दगाबाजी करण्याची ऐपतच नव्हती त्यांची कोणाला दया कशी आली नाही, हे कळत नाही असे तो म्हणतो. ज्या बड्यांनी दगा केला त्यांच्याहून या लोकांनी अधिक किंमत मोजली, असेही म्हणतो. ‘किंमत मोजणे’ हा व्यवहार प्रथमच अनामिकांच्या वाट्याला येतो.

आणि याच्या पुढल्याच भागात तो तीन फ्रेंच नाइटांकडे वळतो. झाँ द विलम्यूर, ह्यूग द ला रोश आणि रोजे द बोफोर हे तिघे भिंतीला पाठ लावून युवराजाच्या भावांशी आणि पेम्ब्रोकच्या अर्लशी हातघाईची लढाई करतात. युवराज आपल्या गाडीतून ते शस्त्रकौशल्य पाहतो, त्याचा राग निवळतो, आणि तिघेही कैदी म्हणून वाचतात. फ्रॉयसारच्या समर्थकांनी पहिल्या परिच्छेदातील करुणा उचलली, विरोधकांनी दुसऱ्यातील तल्लीनता. दोन्ही पक्षांनी त्यांचा क्रम दुर्लक्षिला. करुणा व्यक्त झाली, पण तिला कथा मिळाली नाही. मेलेल्या नगरवासीयांपैकी एकाचेही नाव नाही, एकाचाही प्रसंग नाही. इतिवृत्ताच्या व्याकरणात अनामिकासाठी शोकाची जागा निघाली, प्रसंगाची निघाली नाही. लेखकाच्या सहानुभूतीपेक्षा त्याच्या प्रकाराची बंधने अधिक बलवान असू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मध्ययुगीन गद्यात विरळाच.

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी आझँकूर येथे हे व्याकरण राजाच्याच हातून मोडले. नव्या हल्ल्याच्या भीतीने पाचव्या हेन्रीने कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला. त्या दिवशी फ्रेंच बाजूला असलेला झाँ द वाव्रँ आणि इंग्रजांबरोबर असलेला ल फेव्हर हे दोघेही सांगतात की ज्यांच्याजवळ कैदी होते ते खंडणी बुडेल म्हणून मारावयास तयार होईनात. तेव्हा राजाने एका सरदाराच्या हाताखाली २०० तिरंदाज या कामावर नेमले. सरदाराचा हात जेथे आखडतो तेथे तिरंदाज लागतो. अर्थात त्या दिवशी सगळेच कैदी मारले गेले नाहीत. ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल वाचला, २५ वर्षे इंग्लंडात राहिला आणि त्या बंदिवासात त्याने कविता लिहिल्या. फ्रेंच काव्येतिहासातील एक प्रकरण अशा प्रकारे कैद्याच्या बाजारमूल्यावर उभे आहे.

शेक्सपियरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ (१५९९) या नाटकात हा सगळा व्यवहार प्रहसनाच्या आणि कारकुनीच्या रूपात परततो. चौथ्या अंकात पिस्टल एका फ्रेंच माणसाला पकडतो आणि तो कुलीन आहे काय, त्याचे नाव काय, असे दरडावून विचारतो. हे हेरल्डाचेच प्रश्न. फक्त विचारणारा भुरटा आहे. सौदा २०० क्राउनांवर ठरतो. पुढे त्याच अंकात राजा कैदी मारण्याचा हुकूम देतो. नंतर फ्रेंच हेरल्ड येऊन आपल्या सरदारांची प्रेते सामान्यांच्या प्रेतांपासून वेगळी काढण्याची परवानगी मागतो, कारण दोघांचे रक्त एकत्र मिसळले आहे. शेवटी मृतांची यादी वाचली जाते. इंग्रजांच्या बाजूने चार नावे, नंतर नाव घेण्यासारखे कोणी नाही, आणि इतर पंचवीस. क्रेसीच्या हिशेबाचाच हा साचा. होलिनशेडच्या इतिहासातून तो रंगभूमीवर आला. नाटकाच्या देशाभिमानाविषयी बरेच लिहिले गेले आहे, परंतु ही यादी ज्या अंकाच्या अखेरीस येते त्याच अंकाच्या आरंभी वेषांतर केलेल्या राजाशी वाद घालणारा शिपाई मायकेल विल्यम्स एक शंका बोलून दाखवितो. राजा खंडणी देऊन सुटणार नाही असे तो म्हणतो खरे, पण आमचे गळे कापले गेल्यावर तो सुटला तरी आम्हांला कसे कळणार? युद्धातील वर्गाविषयी याहून नेमके विधान त्या काळच्या वाङ्मयात क्वचितच आढळेल. राजा या शंकेला उत्तर देत नाही; पुढे हातमोजा क्राउनांनी भरून देतो. या शिपायाचे नाव छापील नाटकातील सूचनांत आहे, संवादांत मात्र कोणीही ते उच्चारीत नाही. वाचकाला ठाऊक असलेला मायकेल विल्यम्स प्रेक्षकाच्या कानी कधी पडतच नाही.

एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी राष्ट्रीय कल्पनेने या अनामिक तिरंदाजाला उचलून धरले आणि सरंजामी घोडेस्वाराला नमविणारा स्वतंत्र शेतकरी असा त्याचा पुतळा उभारला. कोर्त्रेच्या (११ जुलै १३०२) लढाईत फ्रेंच नाइटांना धूळ चारणाऱ्या फ्लेमिश विणकरांचाही असाच पुतळा झाला. या आख्यायिका फ्रॉयसारच्या अन्यायाची भरपाई करतात असे वाटते, पण त्या अनामिकाला पुन्हा समूहवाचक नामच देतात. शिवाय तिरंदाज हा करारबद्ध पगारी शिपाई होता, ही गोष्ट त्यांत हरवते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत घोड्यावरून कूच करणाऱ्या तिरंदाजाचा दर दिवसाला ६ पेनी, मॅन-अ‍ॅट-आर्म्सचा १२, नाइटचा २४, निशाणधारी सरदाराचा ४८. अर्लचा ८० आणि ड्यूकचा १६०. हा बहुतांशी दुपटीचा चढ क्रेसीच्या मृतगणनेची उलटी बाजू होय.

आणि येथेच एक गोष्ट निघते, जिचा इतिवृत्तांच्या अभ्यासकांनी पुरेसा विचार केलेला नाही. पगार द्यावयाचा तर हजेरी घ्यावी लागते आणि हजेरीला नाव लागते. इंग्रज राजकोषाच्या दप्तरात ही हजेरीपत्रके चर्मपत्राच्या गुंडाळ्यांत राहिली. अ‍ॅन करी आणि अ‍ॅड्रियन बेल यांच्या प्रकल्पाने १३६९ ते १४५३ या काळातील अशा दोन लाखांहून अधिक नोंदी २००९ पासून अभ्यासकांना खुल्या केल्या आहेत. नायकाचे नाव, मग मॅन-अ‍ॅट-आर्म्सची, मग तिरंदाजांची. एकाखाली एक, प्रत्येकाचे पूर्ण नाव. काही नावांसमोर गैरहजेरीची खूण आहे. फ्रॉयसारच्या काळीही कारकून ही नावे लिहीत होते, म्हणजे ती अज्ञात नव्हती. रणभूमीवरून नावे लिहून आणणारे कारकून आणि पगाराची नावे लिहिणारे कारकून एकाच राजाचे नोकर होते. पहिल्यांच्या यादीतून इतिवृत्त झाले. दुसऱ्यांच्या यादीला सहा शतके हिशेबतपासनिसाखेरीज क्वचितच वाचक मिळाला.